आजोबांच्या अडतीस वह्या आणि एक कोरे पान

वाचकाचा प्रश्न

पत्रलेखिका चौतीस वर्षांच्या आहेत. त्यांचे आजोबा दहा महिन्यांपूर्वी, वयाच्या ८४ व्या वर्षी गेले. पहिल्या स्मृतिदिनाला घरचे सगळे जमणार असून त्या वेळी वाचून दाखवण्यासाठी आणि नंतर छोट्या पुस्तिकेत छापण्यासाठी आजोबांविषयी लिहिण्याचे काम त्यांच्याकडे आले आहे. आजोबा कारकून म्हणून नोकरीला लागले आणि हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. नातवंडे आणि क्रिकेट हेच त्यांचे जग होते. १९७१ पासून आधी रेडिओ ऐकत आणि पुढे टीव्ही पाहत ते कसोटी सामन्यांचा धावफलक चेंडूगणिक वहीत उतरवत असत. अशा ३८ वह्या मागे राहिल्या आहेत.

काकांना लेखात क्रिकेट नको आहे, कारण "लोक म्हणतील, जन्मभर मॅचच पाहिल्या का?" आजी म्हणतात, "त्यांचा संसार मॅचशी, मी आपली घरात होते." १९८३ मधली कपिलदेव यांची १७५ धावांची खेळी आपण टीव्हीवर पाहिली असे आजोबा नेहमी सांगत, पण त्या सामन्याचे चित्रीकरणच उपलब्ध नाही, तेव्हा हा किस्सा गाळावा, असे एका चुलतभावाचे म्हणणे आहे. वह्या चाळताना पत्रलेखिकेला एका वहीत स्वतःच्याच शाळेतल्या खो-खो सामन्याची नोंद सापडली. दुसऱ्या एका वहीत मार्च २००१ च्या कोलकाता कसोटीतल्या चौथ्या दिवसाचे पान तारखेखाली पूर्ण कोरे आढळले. त्या सामन्यात भारताला फॉलोऑन मिळाला होता, म्हणजे पहिल्या डावात खूप मागे पडल्याने लगेच पुन्हा फलंदाजीला उतरावे लागले होते. त्याबद्दल त्या कंसात एवढेच लिहितात: "फॉलोऑन मिळाल्यावर त्यांचाही धीर सुटला असावा. मी त्याच महिन्यात टायफॉइडने दवाखान्यात होते, तेव्हा दहा वर्षांची होते."

आजोबा सामना संपला की त्यांना फोन करत, आधी स्कोअर सांगत आणि शेवटी "झोप होते ना नीट?" असे विचारत. शेवटच्या वर्षभरात बरेचदा तो प्रश्न येण्याआधीच त्यांनी "मीटिंग आहे" म्हणून फोन ठेवला, याची खंत त्यांना आहे. त्या विचारतात: नुसत्या मॅच पाहणाऱ्या माणसाच्या आयुष्यावर लिहायचे तरी काय, आणि खोटे न लिहिता कसे लिहायचे?

उत्तर

तुमच्या पत्रात "नुसते" हा शब्द सात वेळा आला आहे. आजोबांनी नुसती नोकरी केली, ते नुसते मॅच पाहत, नुसते नातवंडांत रमत. तुमचा खरा प्रश्न या शब्दात आहे असे मला वाटते, म्हणून आधी त्याच्याबद्दल बोलू. ज्याच्या नावावर पदे, पुरस्कार किंवा इमारती नाहीत त्याच्या आयुष्यात लिहिण्याजोगे काही नसते, हे तुम्ही गृहीत धरले आहे. काकांनीही तेच धरले आहे, म्हणून त्यांना क्रिकेट झाकावेसे वाटते. काकांवर रागावू नका. वडिलांना कोणी कमी लेखू नये ही त्यांची इच्छा आहे आणि ती प्रेमातूनच आलेली आहे. मात्र त्यांनी तुम्हाला दिलेल्या मसुद्यातली "प्रेमळ, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल, क्रीडाप्रेमी" ही चार विशेषणे कोणाच्याही फोटोखाली शोभतील, आणि म्हणूनच ती तुमच्या आजोबांची होत नाहीत. माझे वडील गेले तेव्हा मी त्यांच्याविषयी लिहिताना "शिस्तप्रिय" असा शब्द वापरला होता. आज तो कागद हातात घेतला की त्यात मला वडील कुठेच दिसत नाहीत. रोज कामावर निघण्याआधी ते सायकलची घंटा धोतराच्या सोग्याने पुसत आणि एकदाच वाजवून पाहत, हे मी त्या वेळी लिहायला हवे होते.

तुमच्याकडे घंटेपेक्षा कितीतरी मोठा ठेवा आहे. चेंडूगणिक धावफलक लिहिणे म्हणजे काय, हे ज्याने कधी केलेले नाही त्याला सहज कळणार नाही. आजच्या हिशेबाने दिवसाला ९० षटके धरली तर ५४० चेंडू होतात, आणि त्यांतल्या बहुतेक चेंडूंवर काहीही घडत नाही. त्या काही न घडलेल्या प्रत्येक चेंडूसाठी वहीत एक ठिपका द्यावा लागतो. षटक निर्धाव गेले की सहा ठिपके रेघांनी जोडून इंग्रजी एम काढायचा, त्यात बळी पडला असेल तर डब्ल्यू. तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या छायाचित्रात २४ ऑगस्ट १९७१ चे पान आहे. ओव्हलवर विजयासाठी १७३ धावा हव्या होत्या आणि गावसकर शून्यावर बाद झाले होते, तरीही आजोबांच्या अक्षरात कुठे घाई दिसत नाही. प्रत्येक एमचे पाय सारख्या उंचीचे आहेत. अबीद अली यांनी विजयी फटका मारला त्या चौकोनातला चारचा आकडा तेवढा दोनदा गिरवलेला आहे, इतका की शाई कागदाच्या मागे उमटली असावी. भारताने इंग्लंडमध्ये जिंकलेला तो पहिला कसोटी सामना होता आणि पहिली मालिकाही. एकतीस वर्षांच्या एका कारकुनाने आपला सगळा आनंद त्या गिरवलेल्या चारमध्ये ठेवला आणि वही मिटली. या माणसाविषयी लिहायला काही नाही, असे मला वाटत नाही.

आता तुमच्या खो-खोच्या पानाकडे वळते. तुम्ही त्याचा उल्लेख गंमत म्हणून केला आहे. माझ्या मते ते सगळ्या वह्यांतले सर्वांत बोलके पान आहे. खो-खोची नोंद कशी ठेवतात हे आजोबांना माहीत नव्हते, हे उघड आहे. म्हणून त्यांनी क्रिकेटचीच चौकट आखली, तीन-तीन धावपटूंच्या तुकड्यांना "जोडी" असे नाव दिले, तुमच्या नावासमोर "२ मि. १० से., नाबाद" असे लिहिले आणि पळत्या तुम्ही प्रत्येक वेळी हुलकावणी दिलीत त्यासाठी एकेक ठिपका दिला. ज्या वहीत तेंडुलकर आणि द्रविड आहेत त्याच वहीत, त्याच पेनाने आणि त्याच काळजीने, तुम्ही आहात. क्रिकेटवेडे आजोबा आणि नातवंडांत रमणारे आजोबा हे दोन वेगळे गृहस्थ होते आणि त्यांतल्या एकाची निवड करायची आहे, असे तुमच्या घरातल्या सगळ्यांनी मानले आहे. हे पान पाहिल्यावर मला तरी तसे मानता येत नाही. डोळे न हलवता, कंटाळा न करता, शेवटच्या चेंडूपर्यंत एखाद्याकडे पाहत राहायचे, ही त्यांची माया करण्याची रीत होती, आणि ती त्यांनी बहुधा धावफलक लिहितालिहिताच कमावली होती.

मार्च २००१ च्या कोऱ्या पानाबद्दल मात्र तुमच्याशी थोडा वाद घालायचा आहे. फॉलोऑन मिळाल्याने आजोबांचा धीर सुटला, हा तुमचा तर्क वह्यांशी जुळत नाही. जून १९७४ मध्ये लॉर्ड्सवर भारताचा दुसरा डाव १७ षटकांत ४२ धावांवर आटोपला. ते पान पूर्ण भरलेले आहे, शेवटचा गडी बाद होईपर्यंत, असे तुम्हीच लिहिता. जो माणूस बेचाळीस धावांचा डाव शेवटपर्यंत लिहून काढतो, तो हरण्याच्या भीतीने वही मिटणारा नव्हे. शिवाय कोलकात्यातल्या तिसऱ्या दिवसाची अखेर आठवा. भारत ४ बाद २५४, पिछाडी अवघ्या २० धावांची उरलेली, लक्ष्मण १०९ वर नाबाद आणि सोबत द्रविड. क्रिकेटवर जीव असलेला कोणीही दुसऱ्या दिवशी सकाळी वही उघडून बसला असता. आणि त्या दिवशी, १४ मार्चला, दोघांनी दिवसभरात एकही गडी न गमावता ३३५ धावा काढल्या. भारतीय क्रिकेटमध्ये असे दिवस फार थोडे आले आहेत. आजोबांनी फक्त तारीख घातली. तुम्ही टायफॉइडने दवाखान्यात होतात, हे वाक्य तुम्ही कंसात टाकले आहे. ते कंसाबाहेर काढून त्या तारखेशेजारी ठेवून पाहावे, एवढेच मी सुचवते.

इथे एक सावधगिरीही बाळगायची आहे. ते पान कोरे का राहिले हे मला ठाऊक नाही, आणि तुम्हालाही अजून ठाऊक नाही. कदाचित त्या दिवशी वीज नसेल, कदाचित आजोबांनाच बरे नसेल. दवाखान्याचे जुने कागद घरात असतील तर दाखल झाल्याची तारीख पाहा. आई-वडिलांना विचारा, आणि सर्वांत आधी आजीला विचारा. विचारताना तुमचे उत्तर प्रश्नात घालू नका. "माझ्यासाठीच त्यांनी मॅच सोडली ना?" असे विचारलेत तर आजी तुमच्या समाधानासाठी हो म्हणतील. "मी आजारी होते तेव्हा रात्री माझ्याजवळ कोण बसायचे? दिवसा कोण असायचे?" असे विचारा आणि मग गप्प राहा. वृद्ध माणसांच्या आठवणी बऱ्याचदा पहिल्या उत्तरानंतरच्या शांततेत वर येतात, आणि आपण नेमका त्याच वेळी पुढचा प्रश्न टाकतो.

मला दुसरी काळजी आजींची आहे. ते पान तुमच्यासाठी कितीही मोलाचे ठरले, तरी आजींच्या तक्रारीला उत्तर म्हणून ते सर्वांसमोर फडकावू नका. "त्यांचा संसार मॅचशी" असे ज्या बाईने साठ वर्षांच्या सहवासानंतर म्हटले, तिला ते म्हणण्याचा अधिकार आहे. पाच दिवसांची कसोटी म्हणजे घरातल्या दुसऱ्या माणसाचेही पाच दिवस असतात. ते कोणी सांभाळले, मुलांना कोणी पाहिले, आल्यागेल्याची उठबस कोणी केली, हे त्या ३८ वह्यांत कुठेही लिहिलेले नाही. आजोबा नातवंडांच्या उशाशी बसणारे होते आणि बायकोच्या वाट्याला त्यांचे लक्ष पुरेसे आले नाही, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल खऱ्या असू शकतात. स्मृतिलेखात आजींचे वाक्य घ्यावे असे मला वाटते, पण त्यांना आधी विचारून, त्यांच्याच शब्दांत आणि त्यांना हवे तेवढेच. त्यांनी नको म्हटले तर घेऊ नका. घ्या म्हटले, तर त्याला लगेच "पण" जोडून मऊ करू नका. पुस्तिकेत त्यांना स्वतःचे एक पान द्यायला काय हरकत आहे? साठ वर्षांत प्रथमच त्यांची बाजू लिहिली जाईल.

चुलतभावाच्या आक्षेपाचे उत्तर त्यामानाने सोपे आहे. त्याची माहिती बरोबर आहे. १८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्स येथे झिम्बाब्वेविरुद्ध भारताची अवस्था ५ बाद १७ असताना कपिलदेव यांनी जी नाबाद १७५ धावांची खेळी केली, तिचे चित्रीकरण उपलब्ध नाही. आजोबांनी ती टीव्हीवर पाहिली नव्हती. पण सातच दिवसांनी, २५ जूनला, लॉर्ड्सवरचा अंतिम सामना झाला आणि त्याची दृश्ये पुढे वर्षानुवर्षे दाखवली गेली. एका आठवड्याच्या अंतराने झालेल्या दोन सामन्यांची मनात सरमिसळ होणे आणि पुढे चाळीस वर्षे सांगतासांगता ऐकलेले-वाचलेले डोळ्यांसमोर उभे राहणे, याला खोटे बोलणे म्हणत नाहीत. स्मरणशक्ती अशीच चालते, तुमचीही आणि माझीही. ती खेळी ज्यांनी पाहिली नाही अशा लोकांच्या सांगण्यातूनच आपल्या पिढीपर्यंत आली, आणि सांगणाऱ्यांपैकी एक तुमचे आजोबा होते. किस्सा गाळू नका. "आजोबा सांगत की ती खेळी त्यांनी टीव्हीवर पाहिली, तिचे चित्रीकरण नाही हे आम्हाला पुढे कळले, तरीही सहाव्या षटकाराला ते खुर्चीतून कसे उठायचे हे आम्ही सगळ्यांनी पाहिले आहे," असे लिहा. त्यात सत्य सुटत नाही आणि आजोबाही सुटत नाहीत.

तुमच्या खंतीबद्दल मी "विसरून जा" असे म्हणणार नाही. ते तुमच्या हातात नाही, आणि असे सांगणाऱ्यांचा तुम्हाला उबग आला असेल. आजोबांना तुमचा राग आला नसेल, हेही मी त्यांच्या वतीने सांगू शकत नाही. एवढे मात्र म्हणेन की स्कोअर हे त्या फोनचे निमित्त होते आणि शेवटचा प्रश्न हे कारण, असे तुम्ही मानता, ते मला अर्धेच पटते. त्यांच्या पिढीतल्या अनेक पुरुषांना थेट "कशी आहेस?" असे विचारणे अवघड जाते, हे खरे, पण त्यांना तुम्हाला स्कोअरही मनापासून सांगायचा होता. दिवसभर पाहिलेले कोणाला तरी सांगावे असे वाटणे, आणि ते सांगण्यासाठी अनेक नातवंडांतून तुमचीच निवड करणे, यातही तुम्हाला बरेच काही मिळालेले आहे. झोपेचा प्रश्न काही वेळा राहून गेला असेल, पण सांगणे दर वेळी झाले आणि तुम्ही ते ऐकलेत. ही खंत लेखात लिहायची की नाही, हे आत्ता ठरवू नका. आधी ती फक्त स्वतःसाठी लिहा, दोन-तीन आठवडे ठेवा आणि मग वाचा. लेख आजोबांवरून सरकून तुमच्या अपराधी भावनेवर जात असेल तर ती काढा. त्या एका प्रश्नामुळे आजोबा जास्त स्पष्ट दिसत असतील तर दोन वाक्यांत ठेवा.

लिहिण्याविषयी काही गोष्टी, ज्या अशाच कामाला बसलेल्या इतर वाचकांनाही उपयोगी पडतील. जन्मतारखेपासून सुरुवात करू नका. जन्म, शिक्षण, नोकरी आणि बदल्या हा तपशील पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर चौकटीत द्या. काकांना तो हवा आहे आणि त्यांची ती अपेक्षा रास्त आहे. ती चौकट त्यांनाच लिहू द्या, म्हणजे क्रिकेटबद्दलचा त्यांचा विरोधही थोडा मावळेल. लेखासाठी मात्र दहा प्रसंग एकेका ओळीत लिहून काढा आणि त्यांतले तीनच निवडा. प्रत्येक प्रसंगात आजोबांच्या हातात काय होते, ते कुठे बसले होते आणि नेमके काय म्हणाले, हे आठवते का ते पाहा. आठवत नसेल तर तो प्रसंग दुसऱ्या कोणाला तरी अधिक चांगला ठाऊक आहे, त्याला विचारा. घरातल्या प्रत्येकाकडून "आजोबांचे एक वाक्य" मागा. आठवणी मागितल्या की लोक विशेषणे पाठवतात. मोठ्याने वाचायचा मजकूर सातशे ते आठशे शब्दांच्या पुढे नेऊ नका, कारण सहा-सात मिनिटांनंतर ऐकणाऱ्यांचेही भान सुटते आणि वाचणाऱ्याचा आवाजही. आदल्या दिवशी तो दोनदा मोठ्याने वाचा. जिथे आवाज हमखास भरून येतो ते वाक्य वाचायला शेजारी कोणाला तरी बसवून ठेवा.

आजींशी बोलणे मात्र स्मृतिदिनापर्यंत लांबवू नका, या आठवड्यातच सुरू करा. फोन त्यांच्या जवळ ठेवून आवाज ध्वनिमुद्रित करा, पंखा बंद करा, सुरुवातीला तारीख आणि नाव बोला आणि एका बैठकीत अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ घेऊ नका. वह्या हातात दिल्यात तर आजी आपोआप बोलू लागतील, कदाचित रागाने. तोही राग तसाच मुद्रित होऊ द्या.

वह्या नातवंडांत वाटून घेण्याचा विचार तुम्ही लिहिला आहे. तो अमलात आणण्याआधी प्रत्येक पानाचे छायाचित्र काढा, खिडकीजवळच्या दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, आणि फाइलला वर्ष व पानाचा क्रमांक द्या. गंजलेल्या टाचण्या आणि क्लिपा अलगद काढा. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका, कारण तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागद खातो. लॅमिनेशनही नको, ते पुन्हा निघत नाही. वह्या ओल आणि ऊन यांपासून दूर, कोरड्या पुठ्ठ्याच्या खोक्यात आडव्या ठेवा आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून कसर लागली नाही ना हे पाहा. माझे मत विचाराल तर मूळ वह्या एकत्रच राहू द्याव्यात, कारण त्यांचा अर्थ त्यांच्या क्रमात आहे; खो-खोचे पान वेगळे काढून चौकटीत लावले, तर ते कोणत्या कसोट्यांच्या मध्ये लिहिले गेले हे पुढच्या पिढीला कळणार नाही.

स्मृतिदिनाच्या दिवशी २००१ ची वही टेबलावर ठेवा आणि ज्याला हवी त्याला ती चाळू द्या. कोणी तरी उत्साहाने म्हणेल की १४ मार्चचा धावफलक इंटरनेटवर मिळतो, तो पाहून पान भरून टाकू. त्यांना थांबवा. आजी त्या दिवसाबद्दल जे सांगतील ते, मग ते तुमच्या मनासारखे असो वा नसो, वेगळ्या कागदावर त्यांच्या शब्दांत उतरवा, खाली सांगितल्याची तारीख घाला आणि तो कागद त्या पानाशेजारी ठेवा.